दया कोणाच्या खर्चाने?

सोमाटण्यात राहणाऱ्या आम्हा मंडळींना समुद्र तसा दूरचाच. आमची पवनादेखील घाटाकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते आणि भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. तरीही लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरचा एक तंटा आम्हाला स्वस्थ बसू देत नाही.

हिरवे समुद्री कासव मोठे झाले की मुख्यतः सागरी गवतावर जगते. त्याचे मांस आणि अंडी माणसाने इतकी खाल्ली, की ते जगभर संपत चालले. मग कायदे झाले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला अभय मिळाले. संरक्षणाला यश आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला संकटग्रस्तांच्या वर्गातून बाहेर काढले.

पण अगत्तीच्या उथळ, उबदार पाण्यात कासवे वाढली आणि गवत खुरटले. गवताच्या आसऱ्याने वाढणारे मासेही घटले, अशी तेथील मच्छीमारांची तक्रार. यात कासवाचा गुन्हा काय? आणि मच्छीमाराचा तरी काय? कासवाची शिकार करणारे मोठे शार्क मासे माणसाच्या हावेनेच कमी केले.

मुक्या जिवावर दया करावी, यात वाद नाही. पण दयेचा उपदेश आम्ही पवनेकाठी बसून करायचा आणि तिची किंमत अगत्तीच्या मच्छीमाराने मोजायची, हा न्याय नव्हे. ते बहुतेक आपले धर्मबांधव आहेत म्हणून नव्हे. ते कोणीही असते तरी हेच म्हणावे लागले असते. निसर्ग ही सर्वांकडे सोपवलेली अमानत असेल, तर तिच्या राखणीचा खर्चही सर्वांनी वाटून घेतला पाहिजे. तोवर त्या मच्छीमाराला निर्दय म्हणण्याचा हक्क आम्हाला नाही.