वादळ टळले, पण कोणावर गेले?



अरबी समुद्रात चक्रीवादळ उठल्याची बातमी आली की आपण हात जोडतो आणि म्हणतो, ‘प्रभो, हे संकट आमच्यावरून टळू दे.’ ही प्रार्थना योग्य आहे का, यावर आज थोडा विचार करू या.

३ जून २०२० चे ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्याला आठवत असेल. ते मुंबईवर येणार या भीतीने सारे टीव्हीवरच्या नकाशाकडे डोळे लावून बसले होते. दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. मुंबई बचावली आणि अनेकांच्या तोंडून सहज निघाले, ‘देवाची कृपा!’ पण त्याच दुपारी श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडे घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीची बाग पुन्हा उभी करायला कितीतरी वर्षे लागतात. मग देवाची कृपा मुंबईपुरतीच होती काय? श्रीवर्धनच्या बागायतदाराने काय म्हणावे?

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती, हा समज प्रभू येशूने स्पष्ट नाकारला (लूक १३). त्याच न्यायाने, जे वाचले ते अधिक पुण्यवान ठरत नाहीत. वाचल्याबद्दल आभार जरूर मानावेत. मात्र वादळ कोणावर गेले, हेही त्याच वेळी विचारावे.

मग प्रार्थना कशासाठी? संत थॉमस अक्वायनस सांगतात की, आपण देवाची योजना बदलण्यासाठी प्रार्थना करीत नाही. जे प्रार्थनेद्वारे घडावे असे देवाने योजिले आहे, ते मिळावे म्हणून करतो. पुढचे पाहून वागणे हा ते सुज्ञतेचा प्रमुख भाग मानतात. तेव्हा तयारी करणे म्हणजे अविश्वास नव्हे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १०,००० माणसे दगावली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ त्याच राज्यावर आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलविले होते. मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वादळ वळले नाही, तरी माणसे वाचली. इशारा देणाऱ्यांच्या आणि दारोदार जाऊन लोकांना बाहेर काढणाऱ्यांच्या हातून देवाची कृपा आली.

समुद्राचे वादळ, आपल्याला काय त्याचे, असेही म्हणू नये. ‘निसर्ग’ त्याच दिवशी घाट चढून आले. पिंपरी-चिंचवडमध्ये झाडे पडली, वीज गेली. खेड तालुक्यात घराची भिंत कोसळून एका वृद्धेचा जीव गेला. आपल्या पट्ट्यात कंपन्यांच्या शेड भक्कम असतात. पण चाकणला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या डोक्यावर दगड ठेवून दाबलेला पत्रा असतो. तो गावाकडून एकटा आलेला, ओळखीचे कोणी नाही. इशारा आला तर त्याने जायचे कुठे?

म्हणून पावसाळ्यापूर्वी प्रत्येक विभागाने तीन गोष्टी कराव्यात. पत्र्याच्या घरात कोण राहते आणि एकटे वृद्ध कोण आहेत, याची यादी करावी. त्यात ख्रिस्ती-अख्रिस्ती असा भेद नको. सैल पत्रे बांधून घ्यायला तरुणांनी हात द्यावा. आणि पक्क्या घरातल्यांनी, एका रात्रीसाठी आपण किती जणांना आत घेऊ शकतो, हे आजच ठरवावे.

मग ‘प्रभो, आमचे रक्षण कर’ अशी प्रार्थना खुशाल करा. मात्र त्या ‘आमचे’ या शब्दात पत्र्याखालचा शेजारीही असू द्या.

आपला,
धर्मगुरू