पानं फाडणं बंद कर

बस इथे. लेख वाचला तुझा, शेवटच्या ओळीपर्यंत. भाषा चांगली आहे, वाक्यं नेटकी आहेत, आणि रागाचं कारण तेच आहे. ज्याला दिसतच नाही त्याच्यावर मी शब्द खर्च करत नाही. तुला दिसतं. दिसत असूनही डोळ्यांवर कातडं ओढून लिहिलंस.

विषय तूच निवडलास. ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’, एएमसी वाहिनीची 2022 मध्ये सुरू झालेली मालिका. कुणी बळजबरी केली नव्हती. त्यातल्या माणसांवर माझा जीव आहे म्हणालीस. जीव असलेल्या माणसांकडे असं अर्धवट पाहतात?

मालिकेची मांडणी आठव. लुई हा व्हँपायर दुबईत बसून डॅनिअल मलॉय या म्हाताऱ्या पत्रकाराला आपली कहाणी सांगतो. याच मलॉयनं 1973 साली, तरुणपणी, सॅन फ्रान्सिस्कोत त्याची मुलाखत घेतली होती. जुन्या टेप्स शाबूत आहेत. तेव्हा सांगितलेलं आणि आता सांगितलेलं जुळत नाही. मलॉय हे लुईच्या तोंडावर बोलतो, आणि सुरुवातीलाच बोलतो. सांगणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नकोस, हे मालिकेनं तुला इतक्या लवकर बजावलं. तू काय केलंस? जिथे लुई सोयीचा तिथे लुईचं खरं मानलंस. तो अडचणीचा झाला की त्याला व्हँपायर करणाऱ्या प्रियकराचं, लेस्टाटचं, खरं मानलंस. दोघंही अडचणीत आले की वड्याचं तेल वांग्यावर काढून लुईच्या नंतरच्या जोडीदाराला, आर्मांडला, खलनायक ठरवलंस. याला विश्लेषण म्हणत नाहीत. ही वकिली आहे, आणि तीही पुरावा न वाचता केलेली.

पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागाबद्दल तू काय लिहिलं आहेस, वाच मोठ्यानं. ‘दोन वादळी प्रेमिकांमधला स्फोटक संघर्ष.’ लाज वाटत नाही? लेस्टाट लुईला मारतो. घरभर फरफटवत मारतो. अर्धमेल्या माणसाला आकाशात उंच नेतो आणि तिथून सोडून देतो. त्याचं अंग मोडून जातं, बरं व्हायला बराच काळ जातो. लुईच्या जागी बाई असती तर ‘स्फोटक संघर्ष’ लिहिलं असतंस? नसतं लिहिलंस. मारहाण म्हणाली असतीस, एका शब्दात, विचार न करता. मग दोन पुरुष समोर आले की तो शब्द कुठे जातो? ‘दोघंही ताकदवान आहेत’ ही सबब मला सांगू नकोस. लेस्टाट वयानं शतकभर मोठा, त्याला उडता येतं, लुईला येत नाही. मालिकेनं ताकदीचा हिशेब डोळ्यांसमोर मांडून ठेवला आहे.

आता म्हणशील, दुसऱ्या पर्वात चित्र बदलतं. बदलतं ना. सातव्या भागात पॅरिसच्या व्हँपायर नाट्यगृहात लुई आणि क्लॉडियावरच्या खटल्याचा तमाशा उभा राहतो, मारहाणीची तीच रात्र पुन्हा दाखवली जाते, आणि तपशील हलतात. लुईचाही हात उठलेला दिसतो. दोघांनी लेक मानलेल्या क्लॉडियाला व्हँपायर करताना लेस्टाट नको म्हणत होता आणि लुई हट्टाला पेटला होता, हेही तिथेच कळतं. पण खाली टाकल्याचं काय? ते लेस्टाट नाकारत नाही. ठरवून दिलेली संवादांची वही बाजूला सारतो आणि भर रंगमंचावर लुईची माफी मागतो. ज्याला स्वतःलाच सुटका नको आहे, त्याला तू सोडवायला निघालीस! त्या माफीत त्याच्या पात्राचं सगळं मोठेपण आहे, आणि ते तू वाया घालवलंस. गुन्हाच पुसून टाकलास तर माफीला अर्थ काय उरतो?

तू असं का केलंस ते मला ठाऊक आहे. आळस हे त्यातलं अर्धंच कारण. उरलेलं अर्धं म्हणजे भीती. दशकानुदशकं पडद्यावरचा समलिंगी माणूस एक तर विकृत खुनी, नाही तर मरायला आलेला. ‘बफी’ या मालिकेत विलो आणि टारा या प्रेमिका पुन्हा एकत्र येतात आणि लगेच टाराला दुसऱ्यासाठी सुटलेली गोळी लागते. 2002 सालची गोष्ट, लोक अजून विसरलेले नाहीत, विसरूही नये. त्यामुळे आता कुठे दोन पुरुषांचं प्रेम मालिकेच्या मध्यभागी आलं, तर त्याला डाग नको, असं तुला वाटतं. ही माया खोटी नाही. पण मायेपोटी लिहिलेलं खोटं खोटंच असतं. डाग नसलेली जोडी तुला हवी कशाला? देव्हाऱ्यात बसवायला? मार खाऊनही परत जाणारा पुरुष खऱ्या जगात असतो. त्याला तर मुळात कुणी विचारतच नाही की तुला मारलं का. ही मालिका विचारते. आणि तू तिच्या तोंडावर हात ठेवतेस.

पुढचं पान. ‘सूचकता’, ‘दडलेला अर्थ’, ‘ओळींमधलं वाचन’. किती वेळा लिहिलंस! दडलेलं आहे कुठे? पहिल्या भागात लुई चर्चमध्ये पाद्र्यापुढे कबुलीजबाब देतो की मी पुरुषाबरोबर झोपलो. हातच्या काकणाला आरसा कशाला? दडलेला अर्थ शोधायची वेळ आधीच्या लोकांवर आली होती. शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ 1872 मध्ये पुस्तकात आली, ‘ड्रॅक्युला’च्या 25 वर्षं आधी. तिथे एका तरुणीची दुसरीवरची आसक्ती रक्ताच्या तहानेआड ठेवावी लागली. 1936 च्या ‘ड्रॅक्युलाज डॉटर’ला हॉलिवूडची नियमावली आडवी होती. याच कथेवरच्या 1994 च्या चित्रपटात टॉम क्रूझ आणि ब्रॅड पिट यांच्यातलं नातं बरंचसं नजरांवर भागवलं गेलं. ज्यांना उघड काही मिळत नव्हतं त्यांनी एका कटाक्षावरून अख्खं नातं वाचायची कला कमावली. त्या कलेपुढे मी मान तुकवते. पण इथे सगळं उघड्यावर मांडलेलं असताना तू ती कला कशासाठी वापरतेस? समोरचं अवघड वाक्य वाचायचं टळावं म्हणून. मागचं गूढ शोधण्यात तू इतकी रमलीस की पुढ्यातला माणूस राहून गेला.

आणि ते समीकरण तर आधी खोड. ‘व्हँपायर असणं म्हणजेच समलिंगी असणं.’ कुठून उचललंस? ‘ट्रू ब्लड’ या मालिकेनं ते चालवलं होतं: व्हँपायर समाजापुढे उघडपणे येतात, हक्क मागतात, आणि त्यांचा द्वेष करणारे धर्माचे फलक शीर्षकगीतातच दिसतात. तिथेही ते समीकरण लंगडंच होतं. व्हँपायर खरोखर माणसं मारतो. ज्यांच्यावर शिकारी असल्याचा खोटा आळ घेतला गेला, त्यांची तुलना खऱ्या शिकाऱ्याशी करताना हात जरा थांबायला हवा. तुझा थांबला नाही. इथे तर समीकरण उभंच राहत नाही. लुई माणूस असतानाच पुरुषांवर प्रेम करत होता. त्याची लाज, त्याचं लपवणं, त्याचा देव, सगळं आधीचं. रक्त प्यायला लागल्यावर त्याची एक लाज कमी झाली आणि दुसरी वाढली. या दोन लाजा वेगळ्या आहेत. त्या तुला वेगळ्या करता आल्या असत्या. वर्गात याहून कठीण गाठी सोडवल्या आहेस तू.

लुईच्या हेतूंबद्दल चार पानं लिहिलीस. त्यात त्याचा रंग कुठे आहे? एका ओळीत. ‘या मालिकेत लुई कृष्णवर्णीय दाखवला आहे.’ बस? अ‍ॅन राइसच्या 1976 च्या कादंबरीतला लुई गोरा मळेवाला आहे, 1791 सालचा, गुलाम बाळगणारा. मालिकेनं त्याला 1910 च्या न्यू ऑर्लिन्समधला काळा क्रिओल माणूस केला, स्टोरीव्हिलमध्ये कुंटणखाने चालवणारा, आईबहिणीचं घर त्याच पैशावर सांभाळणारा. हा कपडेपट बदलण्याचा प्रकार वाटला तुला? गोऱ्या माणसाबरोबर ऑपेराला जायचं तर त्याला नोकर म्हणून जावं लागतं. स्वतःच्या मालकीचा धंदा गोऱ्या नगरसेवकाच्या मर्जीवर. त्यात लेस्टाट येतो, जो त्याला बरोबरीचा मानतो, निदान तसं म्हणतो. लुई त्याच्याकडे ओढला गेला तो फक्त देहानं? बरोबरीचा शब्द ज्याला शहरात कुठेच मिळत नाही, त्याला तो एका तोंडून मिळाला तर तो किती किंमत मोजेल? आणि बरोबरी खोटी निघाली तर किती मोडेल? हेतू असे शोधायचे असतात. तू मात्र अभिनेत्यांच्या मुलाखती चाळून उंटावरून शेळ्या हाकल्यास. नट काय म्हणाला हे पुरवणी म्हणून ठीक. पडद्यावर काय घडलं ते आधी.

नगरसेवकाचा खून आठवतो? लुई त्याला फाडतो, आणि त्याची किंमत काळी वस्ती मोजते. घरं पेटतात. त्या आगीतून लुई क्लॉडियाला उचलून आणतो. तिला वाचवण्यामागे करुणा होती, असं लिहिलंस. होती. पण आग कुणामुळे लागली होती? ती मुलगी त्याचं प्रायश्चित्त म्हणून घरात आली. चौदा वर्षांच्या पोरीला न संपणारं आयुष्य मिळालं ते एका पुरुषाला आपल्या मनाची टोचणी सोसवेना म्हणून. हे तुझ्या लेखात का नाही? कारण त्यानं लुई वाईट दिसतो. आणि तुला तो गोड हवा आहे.

आर्मांडला तर तू एका परिच्छेदात निकालात काढलंस. खोटारडा, नियंत्रण ठेवणारा, संपलं. कबूल, खोटारडा आहे. खटल्याच्या वेळी लुईला त्या प्रेक्षागृहातून आपण वाचवलं असं तो कित्येक दशकं सांगत राहिला, आणि वाचवलं होतं लेस्टाटनं. खटल्याची तालीम घेणारा आर्मांडच, हे दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात संहितेच्या कागदावरून उघड होतं. पण का खोटं बोलला? कादंबऱ्यांमधला आर्मांड कीव्हकडचा. मालिकेनं त्याला दिल्लीचा केला: अरुण नावाचा मुलगा, गुलाम म्हणून विकला गेलेला, व्हेनिसमध्ये नवं नाव मिळालेला. ‘आपला माणूस’ म्हणून तू त्यावर खूष झालीस, पुढे मात्र एक प्रश्न विचारला नाहीस. ज्याचं नाव, देश, देह सगळं दुसऱ्यांनी ठरवलं, तो प्रेमाची व्याख्या कशी करेल? हाताखाली राहणं आणि हाताखाली ठेवणं, यापलीकडे काही त्याला कुणी शिकवलं होतं? हे विचारून त्याचा अपराध कमी होत नाही. त्याच्यातला माणूस तेवढा दिसतो. इतकं करायला तुला काय झालं होतं?

आता क्लॉडिया. तिच्यापाशी मी थांबणार आहे, कारण तू थांबली नाहीस. लेस्टाट आणि लुई यांच्या ‘गोड कुटुंबा’तली मुलगी म्हणून तिचा उल्लेख, आणि मग थेट तिचा मृत्यू. मधली ती कुठे गेली? राइसची लेक मिशेल 1972 मध्ये ल्युकेमियानं गेली, सहा वर्षांचीही नव्हती. त्या दुःखातून कादंबरीतली पाच वर्षांची क्लॉडिया आली. मालिकेनं तिला चौदाची केलं, म्हणजे इच्छा जागी झालेल्या, वाढू न शकणाऱ्या देहात कोंडलं, आणि तिच्या हातात डायरी दिली. साऱ्या मालिकेत स्वतःच्या हातानं, त्या त्या वेळी लिहिलेलं कुणाचं असेल तर तिचं. बाकी सगळे नंतर आठवून सांगतात. आणि त्या डायरीतली पानं फाडलेली आहेत. मलॉयला ते दिसतं. कुणी फाडली? लुईनं. तिच्यावर झालेल्या अत्याचाराची पानं होती ती. प्रेमानंच फाडली म्हणे. ज्या मुलीला आयुष्यभर कुणी बोलू दिलं नाही, तिच्या लिहिलेल्यातलं काय उरायचं तेही शेवटी बापानं ठरवलं.

आणि क्लॉडियाची सखी मॅडलिन? खटल्यात नाट्यगृहातल्या व्हँपायरांची टोळी तिला जीव वाचवायची वाट दाखवते. ती क्लॉडियाला निवडते आणि तिच्याबरोबर उन्हात जळते. साऱ्या मालिकेत कसलाही हिशेब न करता केलेली निवड ती एवढीच. दोन बायकांमधली आहे. तुझ्या लेखात तिचं नाव एकदाही नाही. समलिंगी प्रेमावरचा लेख म्हणे.

‘प्रत्येकाचं वाचन वेगळं असतं, सर्वांना आपापला अर्थ लावायचा हक्क आहे.’ हे वाक्य शेवटी टाकलंस ते माझ्यासाठीच टाकलंस, मला कळतं. हक्क आहे. पण आधी वाचन तर होऊ दे! जे भाग नकोसे वाटले ते पुढे ढकलून पाहिलेस, नाही का? मान खाली घालू नकोस. त्यालाही पानं फाडणंच म्हणतात. लुईनं जे क्लॉडियाचं केलं तेच तू त्या मालिकेचं केलंस, आणि कारणही तेच दिलंस: माझं प्रेम आहे.

हा लेख मी घेणार नाही. दुरुस्त्याही करून देणार नाही, त्यानं तुझं काम माझ्या अंगावर येईल. पहिल्या पर्वाचा पाचवा भाग आणि दुसऱ्याचा सातवा एका बैठकीत पाहायचे. पुढे ढकलायचं नाही, आवाज कमी करायचा नाही. वही जवळ ठेव. कोण काय बोलतं ते बाजूला राहू दे. मार चालू असताना क्लॉडिया कुठे आहे, काय करते आहे, आणि रंगमंचावर तिला बोलायला किती जागा मिळते, तेवढंच लिही. मग ते घेऊन ये.