पोटाचं काम, मनाचं काम

पोटासाठी केलेलं काम खरं, का मनासाठी केलेलं? शिकलेली माणसं लगेच म्हणतात, मनासाठी केलेलं. पोटाची ती नुसती हमाली. मला हे कधी पटलं नाही, कुठल्या शेतकऱ्याला पटायचंही नाही. माझा दोन एकर ऊस कारखान्याचा. त्याची तोड कधी येणार, दर काय मिळणार, यातलं काही माझ्या हातात नाही. विहिरीजवळच्या वीस गुंठ्यांत मालदांडी ज्वारी असते, ती घरच्या भाकरीची, माझ्या आवडीची. म्हणून उसाचं पाणी मी चुकवतो का? रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला उठतोच की. घाम दोन्हीकडं सारखाच.

हा विचार डोक्यात घोळायला लागला तो मकबूल फिदा हुसेन यांच्यामुळं. हा माणूस आमच्या पंढरपुरात जन्मला, १९१५ साली. आई तान्हेपणीच गेली. लहानपण इंदूरला काढून तरुणपणी मुंबई गाठली आणि पोटासाठी सिनेमाचे बोर्ड रंगवले. मजुरी चौरस फुटावर, तीही आण्यांत. चेहरा कुणाचा काढायचा, केवढा काढायचा, हे पैसे देणारा ठरवणार. लग्न झालं, संसार वाढला, तेव्हा लहान मुलांची खेळणी आणि फर्निचर बनवायचं कामही केलं. १९४७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांचं चित्र लागलं. सूझा, रझा, आरा या मंडळींच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये त्यांना जागा मिळाली. तोवर वयाची तिशी उलटली होती. तिथनं पुढं कुणी सांगितलेलं नाही, तर स्वतःच्या मनातलं चित्र.

१९५४ साली त्यांनी ‘ग्रामयात्रा’ काढलं. जवळजवळ चौदा फूट लांब, त्यात खेड्यातले तेरा प्रसंग. बायका स्वयंपाक करताहेत, पोरं सांभाळताहेत, गाडीत बसून निघाल्यात. एका चौकटीत शेतकरी आहे, त्याचा हात शेजारच्या चौकटीतल्या रानापर्यंत गेलेला, जणू त्यानंच ते रान पेललंय. एका परदेशी डॉक्टरानं ते विकत घेतलं आणि वर्षानुवर्षं ते नॉर्वेतल्या एका दवाखान्यात टांगलेलं होतं. २०२५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते शंभर कोटींच्या वर गेलं, तेव्हा त्याचा फोटो मी पेपरात बघितला.

लोक किमतीवर बोलत होते. मी लांबी बघत होतो. चौदा फुटांचं चित्र मनात धरायची छाती आणि हातात धरायची सवय कुठनं आली असेल? मला वाटतं, त्या बोर्डांवरनं. पुढचा सिनेमा आला की आधीचा बोर्ड पुसला जायचा, पण हाताला लागलेलं वळण कोण पुसणार? हुसेननी बोर्ड रंगवल्याचं कधी लपवलं नाही. पोटाच्या कामाची लाज वाटायचं कारणच नव्हतं.

मग दोन्ही कामं एकच म्हणायची का? तसंही नाही. फरक आहे, पण तो उच्च-नीचाचा नाही, तो जबाबदारीचा आहे. बोर्डावरचं चित्र लोकांना रुचलं नाही तर जाब सिनेमावाल्याला विचारतात, रंगाऱ्याला नाही. स्वतःच्या चित्राखाली स्वतःची सही असते, आणि सहीच्या मागं लपायला जागा नसते. हुसेन यांनी काढलेल्या देवतांच्या चित्रांवरनं १९९६ नंतर मोठा वाद झाला. पुष्कळ लोकांची मनं दुखावली, खटले झाले, तोडफोड झाली. कुणाचं बरोबर यावर आमच्या पारावरही एकमत झालं नाही. पण २००६ साली नव्वदीच्या उंबरठ्यावर हा माणूस देश सोडून गेला, २०१० साली कतारचा नागरिक झाला आणि २०११ साली लंडनमध्ये वारला. पंढरपूर कुठं आणि लंडन कुठं! त्या चित्रांची किंमत त्यांनी स्वतःच मोजली, ती दुसऱ्या कुणावर ढकलता येण्यासारखी नव्हती.

याचा चटका मलाही थोडा बसलाय. दहावी झालेला म्हणून चाळीस वर्षं मी गावाचे अर्ज लिहिले. तलाठ्याला, बँकेला, वीज कंपनीला. मजकूर माझा, सही दुसऱ्याची. त्यामुळं माझ्यावर कधी कुणी रुसलं नाही. साठी उलटल्यावर स्वतःचं लिहायला लागलो आणि आमच्या घरातल्या वाटणीवर चार पानं लिहिली. बांध कसा सरकला, आईला कुणाच्या दारात जेवावं लागलं, जसं होतं तसं लिहिलं. थोरल्या भावानं ते वाचलं. एवढंच म्हणाले, “आरं, खरं हाय, पण गावाला कशापायी सांगितलंस?” तेव्हापासनं दोन घरांतला चहा बंद आहे.

त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. पण ती पानं मी फाडली नाहीत, आणि खालचं नावही काढलं नाही. दिवाळीला मी त्यांच्या पाया पडायला जातो, ते बोलत नाहीत, मी थोडा वेळ बसून येतो.

नवी पोरं विचारतात, “आबा, मनासारखं काम कधी करायला मिळंल?” त्यांना मी एवढंच सांगतो. आधी दुसऱ्याचं काम स्वतःचं असल्यासारखं करा. मग स्वतःचं काढाल तेव्हा खाली नाव घाला, आणि त्या नावावर जे येईल ते अंगावर घ्या. तेवढी तयारी नसेल तर अर्ज लिहावेत. तेही काम हलकं नाही, कुणाची तरी विहीर त्यावर मंजूर होते.