बळाची मजुरी

तलवार बाळगायला बंदी आली, तर तलवारबाजाने पोट कसे भरायचे? हिदेआकी सोराची या जपानी चित्रकथाकाराने हा प्रश्न घेऊन ‘गिंतामा’ रचली. २००३च्या डिसेंबरात सुरू झालेली ही चित्रकथा २०१९मध्ये ७७ खंडांवर थांबली. २००६ ते २०१८ या काळात तिच्यावरची ॲनिमे मालिका ३६७ भाग चालली. कथेतल्या एदो शहरावर परग्रहावरून आलेल्यांचा वरचष्मा आहे आणि सामुराईंच्या तलवारी काढून घेतल्या आहेत. युद्धात नाव गाजवलेला साकाता गिंतोकी आता एका दारूच्या दुकानाच्या माडीवर भाड्याने राहतो आणि पडेल ते काम करून देण्याची पाटी लावून गिऱ्हाइकाची वाट बघतो. जोडीला शिनपाची हा मिसरूड न फुटलेला पोरगा, कागुरा ही परग्रहावरची दांडगी पोर आणि एक अवाढव्य कुत्रा. काम म्हणजे कुणाचे हरवलेले जनावर शोध, कुणाचे छप्पर दुरुस्त कर. भाडे कायम थकलेले.

हाणामारी आणि पाचकळ विनोद, एवढ्यावर या मालिकेची बोळवण करता येते. पण धनी गेल्यावर बळाने कुणाची चाकरी करावी, हा तिच्या तळाशी असलेला प्रश्न गंभीर आहे आणि कोल्हापूरला तो परका नाही.

राजारामपुरी हा आखीव भाग. इथे गल्ल्या नंबराने ओळखल्या जातात. पेठांसारखी ही वस्ती पिढीजात तालमींभोवती वाढलेली नाही. क्लास सुटला की चहाच्या गाड्यावर मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली पोरे असल्या जपानी मालिका चवीने बघतात. शिनपाचीच्या वडिलांची तलवारबाजीची शाळा शिष्यांवाचून ओस पडली आहे आणि वारसदार पोरगा एका खानावळीत गल्ल्यावर उभा राहून बोलणी खातो, हे त्यांतल्या पैलवानाच्या नातवाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मोतीबाग, गंगावेस तालमींच्या गोष्टी त्याने घरात ऐकलेल्या असतात. त्यांतला निम्मा भाग कुस्त्यांचा, निम्मा नंतरच्या ओढगस्तीचा.

कोल्हापुरात पैलवानाला धनी होता. शाहू महाराजांनी मल्लांना खुराक दिला, तालमी उभ्या केल्या, १९१२मध्ये खासबागेचे मैदान बांधून दिले. १ मार्च १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हा आधार सुटला. तो सुटला म्हणजे काय झाले, हे खाशाबा जाधवांच्या दोन ऑलिंपिक वाऱ्यांत दिसते. १९४८मध्ये ते लंडनला गेले, तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. १९५२मध्ये हेलसिंकीला निघाले, तेव्हा वर्गणीसाठी दारोदार फिरावे लागले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले, तेव्हा तोंडमिळवणी झाली. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असे आले. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली ती १९५५मध्ये, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४मध्ये अपघाती मृत्यू झाल्यानंतर दीड दशक उलटल्यावर.

ही ऑलिंपिकवीराची कथा. बाकीच्यांचे काय? चाळिशीच्या आत पैलवानाचे गुडघे बोलू लागतात. हाताशी शिक्षण बेताचे, खुराकाची सवय राजेशाही. शेत असेल तर तो गावाकडे जातो, नशीब असेल तर साखर कारखान्यात चिकटतो. नाहीतर कुणाच्या तरी मागे उभा राहतो: फायनान्सच्या वसुलीत, जागेच्या ताब्यात, पुढाऱ्याच्या गाडीत. या कामाची पाटी कुठे लागत नाही, दर ठरलेला नसतो आणि घरी पोराबाळांना सांगता येत नाही.

म्हणूनच मला गिंतोकीच्या पाटीचे मोल वाटते. आपल्याकडे पैसे घेऊन मदत करणारा कमअस्सल आणि फुकट धावून येणारा थोर, असा सरसकट समज आहे. मला तो तपासून घ्यावासा वाटतो. ठरलेली, उघड मजुरी ही बळाला घातलेली वेसण असते. मजुरी घेणाऱ्याला गिऱ्हाइकाचे ऐकून घ्यावे लागते, काम नीट झाले नाही तर शिव्या खाव्या लागतात आणि काम संपले की निघावे लागते. मालिकेतला विनोद याच अवघडलेपणातून फुटतो.

सुरुवातीच्या भागांत एक प्रसंग आहे. गिंतोकी छपराच्या दुरुस्तीच्या कामावर आहे. पोलीस पथकाचा उपप्रमुख हिजिकाता आपल्या वरिष्ठाच्या पराभवाचे उट्टे काढायला तिथेच येतो, त्याला तलवार देतो आणि वार करतो. खांदा रक्ताने भरतो. पुढच्या वाराला गिंतोकी बगल देतो. आता प्रतिस्पर्धी त्याच्या टप्प्यात आहे. तो माणसाला कापत नाही, त्याच्या तलवारीचे दोन तुकडे करतो आणि दवाखान्यात जातो म्हणून निघून जातो. जिंकल्याचा डंका नाही, हरलेल्याकडून कसली कबुली नाही. कामावर आलेल्या माणसाला फुशारकी परवडत नाही. लढाईतला सेनानी इथवर उतरला, असे कुणी म्हणेल. तो इथवर चढला, असे मी म्हणेन.

यावर कोल्हापूरकर तालमींचे नाव घेईल, आणि ते रास्तच आहे. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेच्या पुराने शहर वेढले, तेव्हा तालमींची आणि मंडळांची पोरे कुणी बोलवायची वाट न बघता पाण्यात उतरली, जेवणे रांधली, माणसे बाहेर काढली. त्याचा हिशेब कुणी मागू नये. पण पूर ओसरल्यावरही वर्ष उरतेच. फुकट केलेल्या उपकाराचे बिल कागदावर येत नाही, म्हणून ते कधी फिटतही नाही. ते वर्गणीच्या पावतीत येते, निवडणुकीत येते, गणेश आगमनाच्या मिरवणुकीत राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर खिडक्यांची तावदाने थरथरवणाऱ्या आवाजाच्या भिंतींतून येते. आवाज कमी करा म्हणायला कुणी पुढे होत नाही, कारण अडीअडचणीला हीच पोरे धावली होती. मजुरी दिली असती, तर बोलायला तोंड राहिले असते.

भाडोत्री बळाची भीतीही खोटी नाही. सुपारीही पैसे मोजूनच दिली जाते. मग फरक कुठे? सुपारीचे काम अंधारात ठरते आणि ज्याच्याकडे पैसा त्याच्यासाठीच होते. पाटी लावणाऱ्याकडे पलीकडच्या गल्लीतली म्हातारीही जाऊ शकते आणि काम पटले नाही तर तो नाही म्हणू शकतो. दुसरा फरक वस्तीत रुजण्याचा. युद्धानंतर उपाशी गिंतोकी एका कबरीवरच्या नैवेद्याचे मांजू, म्हणजे गोड पुरणाचे उंडे, खातो. ती कबर त्याच्या माडीखालचे दारूचे दुकान चालवणाऱ्या ओतोसेबाईंच्या नवऱ्याची. खाल्ल्याची परतफेड म्हणून यापुढे या बाईला मी जपेन, असे तो मृताला वचन देतो. त्याची निष्ठादेखील खाल्ल्या अन्नाला जागण्यातून येते, कुठल्या उदात्त घोषणेतून नाही. सोराचीला हे नेमके कळले आहे.

मालिकेची मर्यादाही मान्य करू. चित्रातली घरमालकीण भाडे थकले तरी हाकलत नाही, आणि चित्रातल्या लढवय्याचे गुडघे झिजत नाहीत. खऱ्या पैलवानाला पगार लागतो. आपण मैदानात इनाम लावतो, गदा देतो, फेटा बांधतो. मोठे किताब मिळवणाऱ्यांना सरकार पोलीस खात्यात अधिकारपद देते. किताब न मिळालेल्या शेकडोंसाठी यांतले काहीच नसते. शाळांत कुस्तीचे पगारी वस्ताद नेमता येतील. ‘व्हाइट आर्मी’सारखी स्वयंसेवी बचाव पथके कोल्हापुरात आहेतच, त्यांच्या जोडीला महापालिकेने पावसाळ्यापुरती का होईना, रोजंदारीवर तालमीतली माणसे घ्यावीत. हजेरीपटावर नाव, महिन्याला पैसे, वर विचारणारा साहेब. यात शौर्यगाथा काही नाही, आणि तेच बरे आहे. समाजाने बळाची किंमत उघडपणे मोजली नाही, तर ती मोजणारे दुसरे कुणीतरी असतेच, आणि त्याच्या हिशेबात आपण गिऱ्हाईक नसतो.