अंथरूण कुणी कापलं?

माझी आय उठता-बसता एकच म्हण ऐकवायची. "अंथरूण बघून पाय पसरावं, लेकरा." मी कॉलेजात गेलो, चार पुस्तकं वाचली, मोर्चात घोषणा द्यायला शिकलो आणि एक दिवस तिलाच उलट विचारलं, "आये, पण अंथरूण कुणी कापलं?" ती काही बोलली नाही. परातीतलं पीठ गोळा करत राहिली. मला वाटलं, मी जिंकलो.

आज सत्तरीला टेकलोय. प्रश्न बरोबरच होता. पण मी जिंकलो नव्हतो. ते कसं, हे तुम्हा पोरांना सांगायचंय.

आधी प्रश्न बरोबर का होता ते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, १२९ व्या श्लोकात, साफ सांगितलंय की शूद्रानं ऐपत असली तरी धन साठवू नये, कारण त्याच्याकडं धन आलं की तो ब्राह्मणांना त्रास देतो. शूद्राची ही गत, मग अतिशूद्राचं काय? आपली गरिबी आपल्या उधळेपणातून आलेली नाही. ती नियम करून लादलेली आहे. माझा आजा मुंबईला गिरणीत सूतखात्यात होता. विणकाम खात्यात मजुरी जास्त. पण तिथं धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्याला तिथं मज्जाव. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न वेशीवर टांगला. आता सांगा, ज्याला जास्त मजुरीच्या खात्यात पाऊलच टाकू दिलं नाही, त्याला 'जपून खर्च कर' म्हणून सांगणारा कोण?

म्हणून साधी राहणीचा उपदेश ऐकला की माझं डोकं तडकतं. १९२१ साली मदुरेला गांधीजींनी पंचा नेसला, देशानं त्याला त्याग म्हटलं. आपले बापजादे पिढ्यान्‌पिढ्या लंगोटीवर राहिले, त्यांना कोणी त्यागी म्हटलं नाही. ज्याच्याकडं आहे त्यानं सोडलं तर तो त्याग. ज्याच्या वाट्याला आलंच नाही त्यानं सोडायचं काय? बुद्धाला दारिद्र्याचा तिटकारा होता, दारिद्र्याला त्यानं कधी धन्य म्हटलं नाही, हे बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मुद्दाम नोंदवलंय.

इथपर्यंत मी बरोबर. आता माझी चूक.

१९८० साली मी राखीव जागेवर कारकून झालो. पुढच्या वर्षी बहिणीचं लग्न निघालं. आय म्हणाली, "दोन हार, पंचशील, लापशीचं जेवण. झालं लगीन." मी उखडलो. "आपण काय जन्मभर खालीच बघायचं? वस्तीनं बघितलं पाहिजे!" पतपेढीचं कर्ज काढलं. आयचा डाळीचा डबा होता, त्याच्या तळाशी तिची भिशीची, धुण्याभांड्याची बचत होती. तीही मागून घेतली. मंडप, रोषणाई, पाचशे पान आणि दोन दिवस बँड. ह्या खर्चाला मी मनात बंड म्हणत होतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. बाचा पगार थांबला. माझ्या पगारातून हप्ता आधीच कापून जायचा. डबा रिकामा. धाकटा भाऊ त्या साली बारावी झाला. सरकारी शिष्यवृत्ती होती, पण ती वर्ष सरता सरता हातात पडायची आणि घरात आजचं पीठ नव्हतं. तो गोदीत हमालीला गेला तो गेलाच. माझी फी ज्या डब्यातून भरली गेली, त्याच डब्यातून त्याची भरली जायची होती. तो मला कधी एका शब्दानं बोलला नाही. म्हणून मीच बोलतो. त्याचं शिक्षण माझ्या बँडात वाजलं.

आणि बंड कुणाविरुद्ध केलं मी? पैसा गेला कुठं? मंडपवाल्याकडं, वाण्याकडं, कर्जाच्या व्याजात. ज्या पेठेनं आपल्याला कायम देणेकरी ठेवलं, तिथंच परत.

तेव्हापासून मी बचतीचा विचार वेगळा करतो. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं ढोर ओढू नका, शिळे तुकडे मागू नका. हा नुसता इज्जतीचा प्रश्न नव्हता, पोटाचा पण होता. ज्या गावांत आपल्या माणसांनी मानलं, तिथं बहिष्कार पडला. मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. मुंबई सरकारनं १९२८ साली स्टार्टे समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद होते. बहिष्काराचं हत्यार का चालतं, ते त्या समितीनं लिहून ठेवलंय. आपली माणसं रोजच्या भाकरीसाठी स्पृश्यांवर अवलंबून, म्हणून. याचा सरळ अर्थ काय? ज्याच्या घरात आठ दिवसांची ज्वारी आहे, तो आठ दिवस 'नाही' म्हणू शकतो. ज्याच्या घरात काहीच नाही, तो संध्याकाळी पाटलाच्या दारात. शिल्लक म्हणजे नकार देण्याची ताकद. संपात मी हे डोळ्यांनी बघितलं.

बाबासाहेबांचंच बघा. नोव्हेंबर १९१८ ला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. त्या काळात ही मोठी रक्कम. पण बिऱ्हाड परळच्या बीआयटी चाळीतच. पगारातून साठवलेले पैसे, नवल भथेनांकडून पाच हजार कर्ज, शाहू महाराजांची मदत, ह्यावर १९२० साली लंडन गाठलं आणि अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं केलं. कर्ज त्यांनीही काढलं. पण कशासाठी काढलं ते बघा. पुढं पुस्तकांवर त्यांनी हात आखडला नाही, चांगला सूटही घातला. आणि एक विसरू नका. ते तिकडं असताना इकडं तुटपुंज्या पैशात घर रमाईनं ओढलं. काटकसरीचा गौरव पुरुष करतात आणि उपास बाई काढते, हे आपल्या घरांतही चाललंय.

सिगाल सुत्तात बुद्धानं गृहस्थाला हिशेब सांगितलाय. मिळकतीचे चार भाग करा. एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी राखून. बघा, उपभोगाचा भाग आधी आहे! पोराला चांगलं खाऊ घालणं, नवा शर्ट घेणं यात पाप नाही.

तुम्ही म्हणाल, कंत्राटी सफाई कामगाराच्या मजुरीचे चार भाग कसे पडायचे? नाही पडत. त्याला बचतीवर प्रवचन देणं हा त्याचा अपमान आहे. त्याच्यासाठी मजुरीचा लढाच उभा केला पाहिजे. पण ज्यांना पगार आहे, ज्यांच्या मंडळाकडं वर्गणी येते, त्यांना सुटका नाही. हल्ली मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज मिळतं. आज्याच्या वेळी व्याजवाला पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभा असायचा, रुपयाला महिना एक आणा. म्हणजे शंभराला वर्षाला पंचाहत्तर! आता तो खिशात येऊन बसलाय, एवढाच फरक.

जयंती करा. जोरात करा. वाजवू नका असं म्हणायचा मला तोंडच नाही. पण वर्गणीचा चौथा भाग आधी बाजूला काढा. कुणाची परीक्षा फी, कुणाचा दवाखाना, कुठल्या गावात बहिष्कार पडला तर तिथं पोचवायचं धान्य, ह्यासाठी. हिशेब विहाराच्या भिंतीवर लावा. आणि वही सांभाळायला वस्तीतल्या बायांना बसवा, त्यांना डबा सांभाळायची सवय आहे.

अंथरूण कुणी कापलं, हे विचारणं सोडू नका. फक्त विचारताना माझ्यासारखा आयचा डबा रिकामा करू नका. ह्या महिन्याच्या बैठकीत आधी वही उघडा, भाषणं मागाहून.

जय भीम.