अत्तराची कुप्पी

पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावानं थोरल्या माधवरावांनी सदाशिव पेठ वसवली. आज तिच्या गल्ल्यांत गावोगावची मुलं कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात आणि अभ्यासिकेत रात्री जागवतात. अशाच एका खोलीत कागल तालुक्यातला एक मुलगा राहत होता. त्याचे वडील कापशी पद्धतीच्या कोल्हापुरी चपला करायचे, आई चामड्याच्या वेण्या घालायची. घर हाच कारखाना. एका कोपऱ्यात रापी, आरी आणि ऐरण, दुसऱ्या कोपऱ्यात भिजत घातलेलं कातडं. सुट्टी संपवून तो पुण्याला निघे तेव्हा कपड्यांत आणि वह्यांत त्या कातड्याचा वास बसलेला असे.

पहिल्याच वर्षी खोलीतल्या एकानं विचारलं, "वास कसला येतोय रे?" विचारणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण असले प्रश्न मुलाच्या आजा-पणजानं जन्मभर ऐकले होते. त्या दिवसापासून गावाहून परतला की तो कपडे दोनदा धुवायचा, पिशवी गच्चीवर उन्हात टाकायचा आणि अंगावर स्प्रे मारायचा. वडील काय करतात असं कुणी विचारलं, तर "धंदा आहे" एवढंच सांगायचा.

मुलगा हुशार होता, कष्टाळूही होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा तो उत्तीर्ण झाला. उरली मुलाखत. आयोग तिला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो आणि एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण तिला असतात. तयारीसाठी पेठेतच सराव मुलाखत झाली. समोर एक निवृत्त अधिकारी बाई होत्या.

"तुम्ही कोल्हापूरकडचे. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल मंचावर आणली, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. तुमचं मत काय?"

उत्तर तोंडपाठ होतं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, हे त्यानं सांगितलं. "ज्यांच्या हातून ती चप्पल घडते त्यांचं नाव लपवणं हा अन्याय आहे," असंही ठासून म्हणाला.

"अर्जात वडिलांचा व्यवसाय नुसता 'स्वयंरोजगार' लिहिलाय. नेमकं काय करतात?"

"फुटवेअरमध्ये आहेत," तो पुटपुटला. त्याची मान खाली गेली.

बाईंनी शेरा लिहिला: माहिती उत्तम, उमेदवार मात्र भेटला नाही.

मित्र म्हणाले, रुबाब कमी पडतोय, चांगला सूट शिव, भारी परफ्यूम घे. म्हणून तो पेरूगेटाजवळच्या एका अत्तराच्या दुकानात गेला. गल्ल्यावर वयस्कर आजोबा बसले होते.

"आजोबा, समोरच्यावर छाप पडेल असं काहीतरी द्या."

आजोबांनी कागदाच्या पट्टीवर दोन थेंब टाकून ती पुढं केली. मुलानं वास घेतला आणि झटकन हात मागं घेतला. धूर, तेल आणि कातडं!

"हे कसलं?"

"लेदर. मोठ्या हुद्द्यावरची माणसं घेतात. परदेशी बाटलीला हजारो रुपये पडतात."

"कातड्याच्या वासाला?"

"कातडं यात औषधालाही नाही, बाळा. बर्च झाडाच्या सालीचं डांबर, लॅबडॅनमची राळ आणि प्रयोगशाळेतली रसायनं मिळून हा वास होतो. रशियात चामड्याला त्या सालीचं तेल चोळायचे, म्हणून शनेलसारख्या कंपनीनं आपल्या अत्तराला रशियन चामड्याचंच नाव दिलं. फ्रान्समधलं ग्रास गाव अत्तरासाठी जगात नावाजलेलं, पण ते मूळचं चामडं कमावणाऱ्यांचं. हातमोज्यांची दुर्गंधी जावी म्हणून त्यांनी फुलांचा वास वापरला आणि त्यातूनच तिथं अत्तराचा धंदा उभा राहिला."

"आमच्याकडं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवतात. त्याचा वास असा धुरकट नसतो, तुरट असतो," मुलगा बोलून गेला. पुण्यात आल्यापासून घराबद्दल इतकं तो प्रथमच बोलला होता. मग त्यानं सगळंच सांगून टाकलं.

आजोबांनी कपाटातून एक जुनी चामड्याची कुप्पी काढली. "कन्नौजला भट्टीतून अत्तर उतरतं तेव्हा त्यात पाण्याचा अंश राहतो. ते अशा कुप्पीत भरतात. पाणी चामड्यातून हळूहळू उडून जातं, अत्तर आत राहतं. काचेच्या बाटलीला हे जमत नाही. ज्या कातड्यानं अत्तर शुद्ध होतं, तेच तू अत्तरानं झाकायला निघालास?"

काही न घेता मुलगा खोलीवर आला आणि त्यानं घरी फोन लावला. "आबा, कातड्याला वास का मारतो?"

"कच्चं ऱ्हायलं की मारतोय," वडील म्हणाले. "सालीच्या पाण्यात पुरतं मुरलं की कुजत न्हाई. मग त्यो वास ग्वाड लागतोय. घाई केली की फसलं बघ."

दिल्लीला आयोगाच्या धोलपूर हाऊसमध्ये मुलाखत झाली, तेव्हा वडील नेमकं काय करतात हा प्रश्न पुन्हा आला. या वेळी त्यानं मान वर ठेवून सांगितलं, "माझे वडील कापशी चपला करतात. आई वेणी घालते. मीही सुट्टीत टाके घालतो." पुढचे प्रश्न त्याच्या घरातलेच होते. एका सदस्यांनी विचारलं, "मग हा व्यवसाय सोडून प्रशासनात कशाला येता?" तो म्हणाला, "चपलेची दुकानात लागणारी किंमत आणि करणाऱ्याच्या हातात पडणारे पैसे, यांतलं अंतर मी घरात बसून पाहिलंय. ते कमी करायला मला इथं यायचंय." हे उत्तर त्यानं कुठल्याही पुस्तकातून पाठ केलेलं नव्हतं.

अत्तर जरूर लावावं, त्यात काही वावगं नाही. पण स्वतःला झाकण्यासाठी लावलेलं अत्तर माणसालाच झाकून टाकतं. वरून शिंपडलेला वास संध्याकाळी उडून जातो. साल मुरावी तसे आईबापांचे कष्ट ज्याच्यात मुरले आहेत, त्याचं व्यक्तिमत्त्व टिकतं. परक्या कंपनीनं आपलं नाव घेतलं नाही म्हणून आपण संतापतो, मग ते नाव आपणच गिळून कसं चालेल? मुलांनो, आईवडिलांचं काम विचारलं तर ते पूर्ण शब्दांत सांगा. आणि तुम्ही-आम्ही, ज्यांनी ते काम करणाऱ्यांना पिढ्यानपिढ्या दूर बसवलं, त्यांनी पुढची कोल्हापुरी घेताना ती कुणी केली, हे नावानिशी विचारावं.