आत येणारं गाळता, बाहेर जाणारं कोण गाळणार?

बसू नका. उभ्यानेच ऐका.

आपल्या महाविद्यालयाचा मेल सर्व्हर स्पॅमहाउसच्या काळ्या यादीत गेला. तो सांभाळायची जबाबदारी तुम्ही मागून घेतली होती, म्हणून जाबही तुम्हालाच विचारतोय. आणि तुमचं उत्तर काय, तर "सर, सर्व्हर हॅक झाला." खोटं आहे ते. कार्यालयातल्या एका माणसाचा पासवर्ड फसव्या पानावर गेला. चोराने तो वापरून ५८७ पोर्टवर रीतसर लॉग-इन केलं आणि रात्रभर मेल पाठवले. सर्व्हरने त्याला अडवलं नाही, कारण अडवायला तुम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

कॉन्फिगरेशन मी ओळ न् ओळ वाचलंय. आत येणाऱ्या मेलसाठी स्पॅम गाळणारा आरस्पॅमडी आहे, व्हायरस शोधणारा क्लॅमएव्ही आहे, ग्रेलिस्टिंग आहे. बाहेर जाणाऱ्या मेलसाठी नियम दोनच: लॉग-इन झालंय, जाऊ द्या, आपल्या नेटवर्कमधला आहे, जाऊ द्या. आपलं अंगण झाडून केर शेजाऱ्याच्या दारात लोटणाऱ्याला आपण काय म्हणतो? तेच तुम्ही केलंत.

"पण सर, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं पास होतंय." हे म्हणण्याआधी जरा विचार करायचा होता. मेल खरोखर आपल्याकडून निघाला, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आतला मजकूर चांगला आहे की लुबाडणारा, हे त्यातून कळत नाही. चोराच्या प्रत्येक मेलवर तुमच्या सर्व्हरने आपल्या किल्लीने सही केली आणि समोरच्या सर्व्हरने ती खरी मानली. आता एखाद्या निवृत्त गृहस्थांनी "कॉलेजकडून आलंय, म्हणजे खरंच असेल" म्हणून बँकेचा तपशील भरला असेल, तर त्यांनी विश्वास चोरावर नाही, आपल्या नावावर टाकला. त्यांचे पैसे गेले, तर तुम्ही त्यांना काय सांगणार आहात?

आणि इथल्या मुलांचं काय? शिष्यवृत्तीचं पत्र, मुलाखतीच्या बोलावण्याला दिलेलं उत्तर, परीक्षा विभागाच्या सूचना, सगळं ५५० चा शिक्का घेऊन परत येतंय. त्यांनी काय गुन्हा केला होता?

सगळ्यात जास्त राग मला पुढच्या गोष्टीचा आहे. लोकांनी तक्रारी केल्या होत्या. अशा तक्रारींसाठी 'अब्यूझ' नावाची पेटी ठेवावी, हे १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये लिहिलेलं आहे, आणि ती पेटी आपल्याकडे आहेही. पण तक्रारीसोबत पुरावा म्हणून आपल्याच स्पॅमची प्रत जोडलेली असते. तुमच्या चाळणीने ती ओळखली आणि तक्रारच स्पॅम म्हणून फेकून दिली. म्हणजे तोच मजकूर आत येताना ओळखता येत होता! बाहेर जाताना तो कुणी तपासलाच नाही.

वर यादीतून नाव काढायचा अर्ज कालच भरून मोकळे झालात. खात्याचा पासवर्ड अजून तोच, रांगेत चोराचे मेल अजून पडलेले, आणि अर्ज आधी? कारण न काढता नाव काढलं, तर ते पुन्हा यादीत जाणारच. आधी खातं बंद करा, पासवर्ड बदला, चालू सेशन तोडा, चोराचे मेल रांगेतून काढा. मग अर्ज.

आता नीट ऐका. प्रत्येक खात्याला मर्यादा हवी. आपल्या मेल सर्व्हरची, म्हणजे पोस्टफिक्सची, स्वतःची मर्यादा आयपी पत्त्यावर मोजली जाते, माणसावर नाही, आणि आपलं नेटवर्क त्यातून मुळातच वगळलेलं असतं. म्हणून आरस्पॅमडीत खातेनिहाय मर्यादा लावा. आकडा मनाने ठोकू नका. इथले लोक तासाला खरोखर किती मेल पाठवतात, ते लॉगमध्ये बघा.

आतले नियम उचलून जसेच्या तसे बाहेर चिकटवू नका, तोही आळसच. घरच्या इंटरनेटचे बहुतेक पत्ते स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत असतात. लॉग-इन करून आलेल्या प्राध्यापकांना त्यावरून अडवलंत, तर घरून जवळजवळ कुणालाच मेल पाठवता येणार नाही. बाहेर जाताना तपासायचं ते मजकूर, दुवे, जोडलेल्या फायली आणि पाठवण्याचा वेग.

संकेतस्थळावरचा संपर्काचा फॉर्म विसरू नका. त्याचे मेल सेंडमेलच्या आज्ञेने थेट रांगेत शिरतात, एसएमटीपीच्या दारावरचा मिल्टर, म्हणजे मेल तपासणारी चाळणी, त्यांना पाहतच नाही. त्यांच्यासाठी पोस्टफिक्समध्ये वेगळी सेटिंग आहे, ती लावा. मुलांचे मेल जीमेलकडे आपोआप पुढे जातात. त्यात स्पॅम असला, तर पाठवणारे म्हणून बोट आपल्याकडेच दाखवलं जातं. तेही गाळा. प्रयोगशाळेतल्या यंत्रांना २५ पोर्टवरून बाहेर जाऊ देऊ नका; तो रस्ता फक्त मेल सर्व्हरचा.

आणि अडवलेला मेल गुपचूप गिळून टाकायचा नाही. पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे नकार द्या, कारण स्पष्ट लिहा. चुकून अडकलेलं खरं पत्र हरवलं आणि कुणाला कळलंच नाही, तर तोही तुमचाच अपराध.

हे काम कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. ज्यांच्यापर्यंत फसवा मेल पोचणार नाही, त्यांना तुमची नावंही कळणार नाहीत. तरीही ते चोख झालं पाहिजे, कारण जगातल्या कुठल्याही माणसाच्या पेटीपर्यंत पोचायची ताकद तुमच्या हातात दिलेली आहे. तुम्हाला हे जमत नसतं, तर मी एवढं बोललो नसतो.

सोमवारी सकाळी मी माझ्याच खात्यातून स्पॅमची चाळणी तपासायचा जीट्यूब हा चाचणी-मजकूर बाहेर पाठवणार आहे. तो आपल्याच सर्व्हरने नाकारला पाहिजे, आणि का नाकारला ते मला वाचता आलं पाहिजे. चला, लागा कामाला.